माइक गिटारीजवळ

कापसाचे भाव पडले त्या सालची गोष्ट सांगतो. वणीत माह्या रेकॉर्डिंगच्या खोलीत एकच माइक होता. शांतामावशी वेचणी टाकून भीमगीत गायले आली, संगं गिटारवाला भाचा. मी माइक गिटारीसमोर ठेवला.

मावशी म्हणाली, "भाऊ, जरासा माह्याकडं सरकव न."

मले गिटारीचंच कौतुक. म्हटलं, "तुमचा आवाज मोठा हाये मावशी, येते बरोबर."

ऐकलं तं गिटारच घुमून राह्यलती. म्हटलं, "वेचणी झाली का पुन्हा घेऊ." त्याच्या आधीच मावशी वारली.

मावशीची पोरगी कॅसेट ऐकाले आली. स्पीकरले कान लावून म्हणे, "दादा, आई आयकूच येत नाही. आवाज वाढवा न."

मी वाढवला. गिटारच वाढली.