हात वर करायचा राहिला

नॉर्वेतल्या खाडीकाठच्या दुकानात इंगून रांगेत उभी होती. पुढे बोर्गहिल्ड आणि तिचा म्हातारा शेजारी हालवार.

"शनिवारी माझ्या वाढदिवसाला येऊ नकोस, हालवार," बोर्गहिल्ड म्हणाली.

"का गं? काय केलं मी?"

"अरुंद रस्त्यावर मी गाडी बाजूला घेऊन तुला वाट देते. पूर्वी आभार म्हणून हात वर करायचास. नवी विजेची गाडी आली आणि माज चढला!"

"माज कसला! गाडी आपली आपण वळते, आपणच थांबते. मी नुसता राजासारखा बसतो. पण स्टिअरिंगवरचा हात उचलला की मेली किंचाळते."

"आणि दुसरा हात?"

"त्यात कॉफी असते."

"कॉफीपायी चाळीस वर्षांचा शेजार सोडलास?"

"बरं बाई, करतो हात वर."

"ती किंचाळली तर?"

"किंचाळू दे. तुझ्यापेक्षा बरीच हळू किंचाळते."

"मेल्या! मी पुढे जाऊन वळणावर थांबते. बघतेच."

इंगून पिशवी घेऊन बाहेर आली. वळणावर बोर्गहिल्ड गाडी बाजूला घेऊन थांबली होती. हालवारची गाडी काचा उघड्या टाकून किंचाळत तिच्यासमोरून गेली, आणि पुढचं वळण येईपर्यंत त्याचा हात वरच होता.

"शनिवारी लवकर ये रे!" बोर्गहिल्ड मागून ओरडली.