डबा आणा, असं मीच लिहिलं

...नाही नाही, चूक माझीच, पण तुम्हाला सांगतो, घरच्या माणसानं असं करावं? अहो, आमच्या हॉटेलात प्लॅस्टिकचे डबे, चमचे, पेले, सगळं बंद करायचा हुकूम आला, आता पार्सल द्यायचं कशात, ओंजळीत? म्हटलं, नियम तो नियम, आणि दारावर ठळक अक्षरांत पाटी लावली, 'कृपया येताना स्वतःचा डबा आणा'. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर सगळी टेबलं भरलेली! मला भरून आलं हो, म्हटलं, लोकांनी साथ दिली... जवळ जातो तर प्रत्येकजण आपापला डबा उघडून जेवतोय! आमचे नेहमीचे पेन्शनर आजोबा, इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लेला माणूस, मला म्हणतात, "मालक, फार छान सोय केलीत, जरा मीठ द्या." मीठ! दिलं. पाटी माझीच, बोलणार कुणाला?

म्हटलं, "आजोबा, डबा म्हणजे रिकामा हो, पार्सलला!" तर म्हणतात, "रिकामा डबा घेऊन कुणी जेवायला येतं का?" पलीकडून बँकेतल्या बाई म्हणाल्या, "आणि रिकामा असं लिहिलंय कुठं?" नव्हतं लिहिलं. पाटी माझीच, बोलणार कुणाला?

तेही गिळलं असतं, पण आजोबांच्या डब्यातून वास आला... मटार-बटाट्याचा रस्सा, वरून करपवलेल्या लसणाची फोडणी. अहो, ती करामत माझी! बायको सोडून कुणाला सांगितलेली नाही! पुढच्या टेबलावर तोच वास, त्याच्या पुढच्या टेबलावर तोच, आणि तिथला तो पोचा आलेला डबा तर आमच्याच घरातला, माझ्याच हातून पडलेला...

हॉटेलच्या वरच आमचं घर. धावत गेलो. म्हटलं, "अगं, माझीच गिऱ्हाइकं?" ही शांतपणे म्हणते, "तुमची पाटी वाचून आजोबा वर आले, म्हणाले, मला एकट्याला डबा कोण करून देणार? मग बाकीचेही आले. नाही कसं म्हणायचं? आणि हो, डबे खालीच घासून पाठवा, तुमच्याकडं माणूस आहे ना."

फार लागलं हो मनाला. परक्यानं केलं असतं तर भांडलो असतो, हिच्याशी काय भांडू? पाटी माझीच... शेवटी भूक लागली, म्हटलं, "जाऊ दे, मला वाढ." तर म्हणते, "आज काही उरलं नाही. उद्यापासून हवा असेल तर डबा लावा."

लावला.