मग काय, यंदा की पुढच्या वर्षी?

नाही, पण मी म्हणते, विचारायचं तरी किती माणसाने! मी न्हाणीत, डोक्याला शाम्पू, डोळे मिटलेले, आणि आई दारावर थाप मारतेय, "मग काय, यंदा की पुढच्या वर्षी?" अगं, पाणी तरी ओतून घेऊ दे! खाली उतरावं तर जिन्यात दूधवाला, "मग काय ताई, यंदा की पुढच्या वर्षी?" याला काय करायचंय हो? डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा माझी, दोनदा आपटलेय मी, नियमाप्रमाणे आता एकदाच बसता येतं, यात गेले की कायमची घरी... आणि घोर याला!

क्लासचे सर त्याहून वरताण. चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "तयारी नसेल तर बसू नकोस." बरं, नाही बसत. "पण थांबलीस तर झालेलं विसरशील." मग बसू? "मी कुठे म्हटलं, बस?" आणि आई, "देऊन टाक एकदाची, सुटशील." सुटशील काय? तुरुंगात आहे का मी?

पण खरी मेख आजोबांची. आजोबा शिंपी. अजून बाहेरच्या खोलीत मशीन चालवतात, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लहानपणी बाहुलीला पट्टी बांधता बांधता मी बोलून गेले, "आजोबा, तुमचे डोळे मीच बरे करणार." एवढीशी होते हो मी! पण म्हाताऱ्याने ते धरूनच ठेवलं. "माझ्या डोळ्याला हात लावील तर माझी नात." मी नापास झाले, ते थांबले. परत नापास झाले, परत थांबले! म्हटलं, आजोबा, पास झाले तरी डोळ्यांची डॉक्टर व्हायला दहा वर्षं लागतात. तर म्हणे, "मला कुठे घाई आहे?" तोवर एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड, दुसऱ्याचा खिसा चारी बाजूंनी शिवलेला... तो बिचारा किल्ली घालायला जागा शोधतोय! सगळे हसले. मीही हसले, तुम्हाला सांगते, आणि आत जाऊन रडले.

कारण मी थांबले तर यांचे डोळे जातात, आणि नाही थांबले तर अर्ध्या तयारीने माझी शेवटची संधी जाते. हे कुठल्या गाइडमध्ये आहे, सांगा!

आणि त्या दिवशी मशीनची सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. ओरडले नाहीत. मला हाक मारून म्हणाले, "बघ गं, कापडाला रक्त लागलं का? मला दिसत नाही." बस! तशीच ओढत दवाखान्यात नेलं. बोट बांधलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि कपाळाला हात लावला, "इतके दिवस कशाची वाट बघत होतात, आजोबा? आणखी थांबलात तर ऑपरेशन करूनही दिसायचं नाही." आजोबांनी बोट दाखवलं. तेच, बांधलेलं! माझ्याकडे! "हिची परीक्षा आहे." बाई वळल्या, "अरे वा! मग काय, यंदा की पुढच्या वर्षी?"

किंचाळले मी. भर दवाखान्यात! "मला माहीत नाही! परीक्षाच देत नाही मी, जा! पण तुम्ही ऑपरेशन करून घ्या हो, पाया पडते तुमच्या!" बाकावरचे सगळे पेशंट आपापली दुखणी विसरून माझ्याकडे बघतायत... आजोबा हळूच म्हणाले, "रडू नको. करतो. पण परीक्षा सोडायची नाही."

झालं एकदाचं, उजव्या डोळ्याचं. काल पट्टी काढली. उजव्या डोळ्याने माझ्याकडे टक लावून बघितलं, म्हणाले, "किती वाळलीस गं... मला कुणी सांगितलंच नाही." म्हटलं, आता पुढच्या महिन्यात डावा. तर हात झटकून म्हणाले, "छे! डावा तुझ्यासाठी ठेवलाय. तू सावकाश दे परीक्षा."

आता काय करू? तशीच सरांकडे गेले, म्हटलं, सर, खरं सांगा, कधीही बसले तरी माझ्या मार्कांत डॉक्टरकीला नंबर लागेल का? सरांनी चष्मा खाली घेतला, म्हणाले, "फार तर दातांच्या कॉलेजात."

आणि आजोबांच्या तोंडात एक दात शिल्लक नाही हो!