त्याच्या नावाची पत्रं

नाही नाही, बसा – खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इथे पलंगावर बसा. भाऊ फिरायला गेलाय, साडेपाचाशिवाय यायचा नाही. आणि आला तरी बोलणार नाही, तुम्हाला पत्राने कळवलं होतं ना? हो, तेच पत्र. – दाखवा बघू तो अंक. अगंबाई, तिसरा! कुठे मिळाला तुम्हा संशोधकांना? आमच्या घरात एकही उरला नाही. 'खरूज'! आईने मरेपर्यंत हे नाव तोंडातून काढलं नाही, 'ते तुझ्या भावाचं कातडीचं' म्हणायची.

चार पोरं होती. माझा धाकटा भाऊ नि त्याचे तीन मित्र. केस मानेपर्यंत, चौघांत मिळून एक कोट. मोठी मासिकं यांच्या कविता परत पाठवायची, तर म्हणाले, आपणच काढू. काढणार कशावर? तर ताईच्या ऑफिसात सायक्लोस्टाइलचं, प्रती काढायचं मशीन आहे! मी टायपिस्ट. जेवणाच्या सुट्टीत रिबन काढून स्टेन्सिल कापायची आणि ऑफिस सुटलं की हँडल फिरवायचं. शिव्या होत्या हो कवितांत – पहिल्यांदा बोटं अडखळली, मग सरावली. खरं सांगू? मला आवडायचं. दिवसभर 'आपला आज्ञाधारक' टाइप करायचं आणि मग हे!

ही कविता बघा. ऑफिसच्या संडासावर आहे. मोठ्या साहेबांना ती स्वतःवरच वाटली – आता त्याला कवी काय करणार? चौकशी लागली. हा 'र' दिसतोय, शेपूट तुटलेला? माझ्या मशीनचा. साहेबांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, एक हा आणि एक मी टाइप केलेलं रजेचं परिपत्रक. 'बाई, हे कुणी केलं?' बाबा अंथरुणाला खिळलेले, माझ्या एकटीच्या पगारावर घर. मी म्हटलं – म्हटलं, 'भावाने माझ्या पर्समधून ऑफिसची चावी चोरली.' चोरली! 'घेतली' तरी म्हणता आलं असतं की नाही?

त्याला बोलावलं. त्याने जन्मात टाइपरायटरला हात लावला नव्हता. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, 'हो, मीच.' चार दिवस पोलीस चौकीत. कॉलेजातून नाव काढलं. मग एका गोदामावर पहारेकरी, तीस वर्षं. कविता? अहो, वाणसामानाची यादीसुद्धा मला लिहायला लावतो.

माफी मागितली मी. चौकीतून सुटून आला त्याच दिवशी. तर म्हणाला, 'ताई, तुझी नोकरी गेली असती तर बाबांची औषधं काय मी कवितेतून आणली असती?' आणि हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. हसणाऱ्या माणसाला पुढे काय बोलायचं?

काय म्हणालात? – हो, सही त्याचीच आहे अंकावर. पत्रातल्यापेक्षा अक्षर वेगळं दिसतंय... दिसणारच. आता लपवून काय करू? तुम्हाला आलेलं ते पत्र त्याच्या नावाने मी लिहिलं. 'मला त्या काळाविषयी काही सांगायचं नाही' – मीच. तुमच्याआधी आणखी दोघांना अशीच लिहिली. त्याला काहीच माहीत नाही. त्याला वाटतं, जगात कुणाला आठवतसुद्धा नाही. परवा पेपर वाचता वाचता म्हणाला, 'ताई, आमच्या त्या कागदांत लोकांनी काय बांधलं असेल गं?' मी समोर भाजी निवडत होते, तुमचं पत्र भाजीच्या खाली. काय म्हणाले असेन मी? म्हटलं, 'शेंगदाणे.'

सांगणार आहे हो त्याला. दर महिन्याला ठरवते. पण तुम्ही त्याला पहिलं काय विचारणार? लिहिणं का थांबलं, हेच ना? मग तो माझ्याकडे बघेल. तसंच बघेल. आणि मला वाचवायला पुन्हा काहीतरी खोटं बोलेल – म्हणेल, सुचलंच नाही. मी ते ऐकायचं? या वयात? तुम्हीच सांगा, काय करू मी?

थांबा – जिन्यावर तोच. आज लवकर कसा? तो अंक पिशवीत टाका. अहो, टाका ना! ... अरे, कुणी नाही रे, पत्ता चुकलेत! – हो, हो, पुढची बिल्डिंग, तिसरा मजला. बघताय काय? उतरा ना खाली.