मामांना पटवायचं म्हणजे

आळशी म्हणाले हो मला! सख्खे सासरे. का, तर शेतात कचरा दिसतो. आता तुम्हाला सांगतो, तो कचरा मी स्वतः घाम गाळून पसरलाय, पेंढी न् पेंढी सोडवून... पण सांगणार कोणाला? शेत आहे हो ते, दिवाणखाना नाही.

सासरे शिंपी. चाळीस वर्षं कोट शिवले. एक धागा लोंबताना दिसला तर माणसाला घास जायचा नाही. आणि जमीन त्यांच्या नावावर, कसतो मी! पहिल्यांदा आले, बांधावर उभे राहिले, चष्मा पुसला. बघितलं. परत पुसला. "जावईबापू, इथे कोणी येतं का?"

म्हटलं, मामा, कापणीनंतरची धसकटं मुद्दाम ठेवलीत, मुळं माती धरून ठेवतात. "बरं." नांगर लावला नाही, उतार आहे ना, एक जोराची सर आली की मोकळी माती ओढ्यात. "बरं." वर पेंढा अंथरलाय, ओल टिकते, ओढ्याकाठी दहा पावलं गवत सोडलंय, वाहून आलेली माती तिथे अडते. "बरं, बरं. मग साफ कधी करणार?"

घ्या. पालथ्या घड्यावर पाणी. मी खाली बसून मूठभर माती उचलली, म्हटलं हे बघा, गांडुळं. मामा दोन पावलं मागे. "किडेपण लागलेत?"

तीन वर्षं हेच. अहो, शेत आहे, दिवाणखाना नाही, किती वेळा म्हणायचं माणसाने? त्यात शेजारचा ट्रॅक्टरवाला. त्याचं रान कसं, भांग पाडल्यासारखं. मामा तिकडे बघून सुस्कारे सोडायचे. आणि यंदा फोन आला, "रविवारी येतो. जमीन त्यालाच कसायला देऊन टाकू."

तुम्हाला खोटं वाटेल, पण पहिल्या वर्षी तिथे कुदळ मारली तर ठण्णकन वाजायची. आता बोटं घातली तर मनगटापर्यंत हात जातो. ती माती दुसऱ्याच्या नांगराखाली जाणार, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

रविवारी मी तक्ता काढून बसलो. बाण, रंगीत खडू, पाण्याचा थेंब असा पडतो, माती अशी सुटते... मामा जांभई देतायत. शेवटी बायको वैतागली. शिंप्याचीच लेक ती. म्हणाली, "बाबा, अंगावर नीट बसलेला कोट दर वर्षी उसवून पुन्हा शिवाल का?"

"वेड लागलंय? कापडाच्या चिंध्या होतील."

"मग जमीन का उसवायची दर वर्षी?"

संपलं. एवढंच बोलली! माझी तीन वर्षं, अख्खा तक्ता, आणि हिचं एक वाक्य... मामा उठले ते थेट शेतात. मी मागे, जीव मुठीत. ते वाकले, एक धसकट धरून ओढलं. निघेना. दोन्ही हातांनी ओढलं. मुळाला मातीचं एवढं ढेकूळ लटकून आलं, झटकलं तरी सुटेना. ते बोटांनी चाचपत राहिले आणि म्हणाले, "टाका पक्का आहे."

जीव भांड्यात पडला. जमीन कुठे जात नाही म्हणाले, तुम्हीच कसत राहा. मी ओढ्याकाठच्या गवतात जाऊन बसलो आणि चांगला अर्धा तास नुसता श्वास घेत होतो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता पटलंय हो त्यांना. पूर्ण पटलंय. म्हणून तर रोज सकाळी सहाला दारात हजर, गळ्यात मोजपट्टी. "जावईबापू, त्या कोपऱ्यात पेंढा दोन बोटं आखूड आलाय. काढा आणि सरळ रेषेत अंथरा." म्हटलं, मामा, शेत आहे हो, दिवाणखाना नाही... ऐकतंय कोण? सध्या तिसऱ्यांदा अंथरतोय.