कायम गरम

पाटोद्याच्या स्टँडवर बीडच्या गाडीला उभा होतो. मागं एक म्हातारा आणि त्याला न्यायला आलेली धाकटी बहीण.

"शहादेवदादा, तुझी पिशवी कावून आणली न्हाई?"

"मी येत न्हाई, यशोधरे. तुला बसवून द्यायला आलो."

"त्या डबड्यापायी?"

"टेलिफोन एक्स्चेंजचं घड्याळ हाय ते. तीस वर्सं मी सांभाळलं, मग भंगारातून सोडवून घरी आणलं. आतला क्वार्ट्झचा खडा कायम गरम ठेवावा लागतो. लाईट गेली की बॅटरी जोडावी लागती. एकदा थंड पडला, तर येळेवर यायला महिना जातो."

"एक्स्चेंज बंद झालं. आता त्याची येळ कोण इचारतं?"

"तुझी वहिनी इचारायची. सैपाक करता करता, दिसातून धा येळा."

"तिला जाऊन दोन वर्सं झाली. माणसं थंडगार पडली, आन् तू डबडं गरम ठेव!"

"म्हून बंद करू?"

"उद्या पडलास-झडलास, तर कुत्रं बी इचारणार न्हाई."

"गाडी आली बघ."

"बरं, मी रोज फोन करून येळ इचारीन. चालंल?"

"सकाळी आठला कर."

"मागं-पुढं झालं तर?"

"किती सेकंद झालं, ते मला कळंल."