ग्रुपात येण्याआधीचा प्रश्न

कंपू मोहल्ल्यातल्या लॅबमध्ये रक्ततपासणीच्या रांगेत शरयू उपाशीपोटी चुळबुळत होती. पुढे दोन म्हातारे उभे होते आणि रांग काही केल्या हलत नव्हती.

"भालचंद्रपंत, आपल्या दोन्ही मराठी मंडळांचे ग्रुप एक झाले तेव्हा चर्चा कमी नि प्लॉटच्या जाहिराती जास्त यायच्या. थांबवल्यात कशा?"

"सोपं आहे, मानसिंगराव. आत येणाऱ्याला विचारतो, कुलदैवत कोणतं? प्लॉटवाला काय सांगणार, कपाळ!"

"शाबास! आपला माणूस असेल तो सांगेलच."

"एकेचाळीस जण परत पाठवले."

"आमचा उदयन मात्र बंगळुरूहून नुसता म्हणतो, 'बाबा, रिक्वेस्ट भेजी तो है.' थापा मारतो. त्याला आपल्यात रसच नाही."

"थापा नाहीत, मानसिंगराव. त्याने भेजली होती. दोनदा."

"मग?"

"पहिल्यांदा कुलदैवतापुढे लिहिलं, 'बाबा से पूछकर बताता हूँ.'"

"आणि दुसऱ्यांदा?"

"जाऊ द्या ना. तुमचा नंबर येईल आता."

"सांगा हो!"

"'बाबा को भी पक्का याद नहीं.' मानसिंगराव, मनाला लावून घेऊ नका."

"विचारलं होतं त्याने. पण ते सगळं हिला ठाऊक असायचं हो. ही गेली, आणि... पण मग मला कसं आत घेतलंत?"

"तुम्ही जुने. तुम्हाला कोण विचारणार?"

रांग सरकली. मानसिंगराव जागचे हलले नाहीत. त्यांना पुढे व्हा म्हणायचं सोडून शरयूने घाईघाईने आईला फोन लावला, "आई, आपलं कुलदैवत कोणतं गं?"